मटाई खोऱ्यातील गुरुवार राखिल्याची हकीकत

स्वस्ति. सकलमेंढरमंडित मटाई खोरे, मुलूख न्यूझीलंड, दक्षिण बेट, येथील चित्रपट मंडळाच्या चिटणीस गंगाभागीरथी नोलीनबाई हॅगर्टी यांणी एकलीने जे युद्ध मारिले, त्याचा मजकूर ऐसा जे: गावी सभागृह एक, गुरुवारची दुपार एक, आणि तीवर दावेदार दोन. एकीकडे बाईंचे मंडळ, दुसरीकडे गालिच्यावर चेंडू घरंगळविणारी जमात. तिचे सेनापती क्लॉडराव पेनरोज, उमर एकाहत्तर, गुडघे नादुरुस्त, जिद्द शाबूत. मग सभागृहाच्या पंचांणी फर्मान काढिले की, येत्या चित्रपटास हजर असामींपैकी निम्म्याहून अधिकांची पसंती न मिळाल्यास गुरुवार चेंडूवाल्यांस बहाल. पसंतीस पांढऱ्या लोकरीचा पुंजका, नापसंतीस काळ्या, बिस्किटांच्या डब्यात टाकावा, ऐसा तेथील जुना दस्तूर.

यजमान वारल्यापासून बाईंचे घरी रेडिओखेरीज बोलणारे कोणी उरले नव्हते. गुरुवारी दोन ते पाच इतकाच काय तो माणसांचा आवाज, तोही जातो म्हणोन बाई मनी बहुत भ्याल्या होत्या.

चित्रपट नवा, विज्ञानाचा आणि भयाचा, शहरातील थोर जाणत्यांणी वाखाणिलेला. म्हणजे धोका आधीच उघड. ताऱ्यावरून बुरशी उतरते, मेंढवाड्याशेजारील प्रयोगशाळेत शिरते आणि शास्त्रज्ञांस ग्रासते, इतकी कथा. पहिला पाऊण तास उत्तम गेला: बुरशी दिसेना, केवळ भिंती ओलावत, आणि नायिका ऐसी निगुतीने घाबरे की दोघा असामींच्या हातचे चीज रोल तसेच राहिले. मग दिग्दर्शकास अवदसा आठवली. तीन पदव्यांच्या महापंडिताने विषारी हवेत मुखवटा काढिला आणि बुरशीचा उगम यावर व्याख्यान झोडिले, आणि मग खासा राक्षस प्रकटला, तो भिजल्या गादीसारखा. चेंडूवाल्यांच्या गोटात खसखस पिकली. बाईंणी डोळे मिटिले.

ऐशात नायिका जीव घेऊन पळाली, आणि एडक्यांच्या कुरणाचे गेट उघडून मेंढ्यांच्या कुरणात शिरली, आणि गेट तैसेच उघडे टाकोन गेली. तमाम सभागृहाचा श्वास अडकला. राक्षस पुढे दोन माणसे गिळत होता, त्याजकडे कोणी ढुंकोन पाहिना. मागे धुक्यातून एकेक एडका डुलत मेंढ्यांत चालला होता, तिकडे सर्वांची नजर. अवेळी गाभण राहिलेल्या मेंढ्या ऐन हिवाळ्यात विणार आणि कोकरे गारठोन मरणार, हे त्या दिग्दर्शकास ठाऊक नव्हते. खोऱ्यास ठाऊक होते. मागील रांगेतील जॉइसबाई कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "अगं बये, मागे फिर, ते गेट लाव आधी."

मग चहाचे समयी क्लॉडरावांणी भर सभेत पुसिले, "काय नोलीन, तूच निवडलास ना? खरं सांग, कसा वाटला?"

बाईंणी मनी मसलत केली. खोटे बोलावे तर गुरुवार वाचतो, परंतु त्याच माणसांसमोर पुढे कोणत्या तोंडाने बसावे?

"शेवट भिकार आहे," बाई म्हणाल्या. "राक्षस पुळचट, भाषणं कंटाळवाणी. पण सुरुवातीला तुम्ही सगळे श्वास धरून बसला होतात. मी पडद्याकडे कमी आणि तुमच्याकडेच जास्त बघत होते."

पुंजके पडले. असामी तेहतीस, पांढरे सोळा, काळे सोळा, आणि राहिले क्लॉडराव. ते दोन्ही पुंजके मुठीत धरोन डब्यापाशी उभे राहिले आणि मग गुरगुरले, "गादीला कोण भितंय. पण ते उघडं गेट अजून माझ्या डोळ्यांपुढून हटत नाही. भयपट म्हणजे आणखी काय असतं?"

पांढरा पडला. चेंडूवाल्यांणी आपल्याच सेनापतीस फितूर ठरविले, आणि त्या जमातीस मंगळवार सकाळ, तीही ऊब देणाऱ्या तापकाविना, देऊन तह जाहला.

येणेप्रमाणे सतरा विरुद्ध सोळा ऐसी फत्ते जाहली. चित्रपट सुमार, हे उभयपक्षी मान्य. पाच वाजता सभागृह बंद करावयाचे, ते त्या दिवशी सव्वापाच झाले तरी झाले नाही, कारण लोक बोलतच होते, आणि बाईंणी किल्ली हाती असोन कोणास उठविले नाही.