गुलाबी पेशी आणि खालचा सेट

बाहेर पाऊस पडतोय असं कुणी म्हटलं, तरी कुमुदताई आधी खिडकीतून हात बाहेर काढतात. तळवा ओला झाला तरच पाऊस. इथे इंग्लंडात, वॉटफर्डमध्ये, त्यांचा तळवा बहुतेक दिवस ओलाच असतो, पण दुसऱ्याच्या शब्दावर त्यांनी छत्री उघडलेली मी तरी पाहिलेली नाही.

त्या माझ्या शेजारी. आयुष्यभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या पॅथॉलॉजिस्ट. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण कुणी काही सांगायला लागलं की अजून म्हणतात, "आधी स्लाइड दाखव." मंडळाच्या गणपतीत एकशे आठ मोदक केलेत असं जाहीर झालं, तेव्हा आरती चालू असताना त्यांनी ते मोजले. एकशे दोन निघाले. आरतीनंतर हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

वंशभेदाचा विषय निघाला की त्यांचं उत्तर ठरलेलं. "अगं, मी पेशी बघितल्यात. रंग चढवला की सगळ्यांच्या गुलाबीच दिसतात. मला कुणी कधी काही बोललं नाही."

आमच्या इथल्या सेकंडरी स्कूलच्या त्या गव्हर्नर, म्हणजे शाळेचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या सदस्य, आहेत आणि मी त्याच शाळेच्या ऑफिसात आहे. गव्हर्नरांच्या मीटिंगची मिनिट्स मी लिहिते आणि कुमुदताई त्यातले स्वल्पविराम दुरुस्त करतात.

गेल्या वर्षी एका मीटिंगला अबीना नावाची बाई आली. मूळची घानाची, इथे नर्स. तिची मुलगी आमा गणितात खालच्या सेटमध्ये होती. आमच्याकडे गणितासाठी मुलांचे गट पाडतात, त्यांना सेट म्हणतात. खालच्या सेटला शेवटच्या परीक्षेत सोपा पेपर मिळतो आणि त्या पेपरात वरची ग्रेड मिळूच शकत नाही. अबीनाचं म्हणणं एवढंच होतं, की मार्क चांगले असूनही आमा तिथे का आहे, आणि तिच्यासारखीच मुलं तिथे जास्त का दिसतात?

आमचे चेअरमन अतिशय सभ्य गृहस्थ आहेत. ते हळू आवाजात म्हणाले की ही अमेरिकेतली क्रिटिकल रेस थिअरी आपल्या शाळेत नको. कुमुदताईंनी मान डोलावली. घरी परतताना मला म्हणाल्या, "त्या थिअरीत म्हणे अन्याय माणसांच्या मनात नसला तरी व्यवस्थेत मुरलेला असतो. मुरायला ते काय लोणचं आहे?"

पण ताईच त्या. दुसऱ्या दिवशी हेडटीचरना त्यांनी इमेल केली: थिअरी नको, मार्क द्या. अबीनाबाईंचं म्हणणं खोटं असेल तर तेही सिद्ध व्हायला हवं. हेडटीचरनी मला नावं झाकून याद्या करायला सांगितल्या. प्रत्येक मुलाचे मार्क आणि सेट. एका शनिवारी शाळेच्या लायब्ररीत आम्ही दोघी बसलो. ताईंनी मार्कांप्रमाणे उतरती क्रमवारी लावली आणि वरच्या मार्कांची मुलं खालच्या सेटमध्ये दिसली की पेन्सिलीने गोल करत गेल्या. मग म्हणाल्या, "आता नावं उघड."

मी नावांवर लावलेल्या पट्ट्या काढल्या. गोल केलेल्या नावांत आमा होती. तिच्या खालची नावं मी मोठ्याने वाचायला लागले आणि मध्येच थांबले. जवळजवळ सगळी मुलं काळी होती. तितकेच मार्क मिळालेली गोरी मुलं वरच्या सेटमध्ये होती. दर सप्टेंबरला या याद्या मीच टाइप केल्या होत्या. एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सगळी यादी पहिल्यापासून तपासली. मग शिक्षकांचे शेरे मागितले. "शांत गटात बरी राहील." "घरून मदत नसावी." एकही शेरा दुष्ट नव्हता.

"कुणीच मुद्दाम केलं नाही गं," त्या म्हणाल्या. "दर वर्षी प्रत्येकाने थोडं थोडं खाली ढकललं."

पुढच्या मीटिंगला त्यांनी ती यादी टेबलावर ठेवली. चेअरमननी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. सेट मार्कांवरच ठरतील असा ठराव झाला आणि आमासकट गोलातली सगळी मुलं वर गेली. अबीनाने ताईंचे दोन्ही हात धरले, तर ताई चोरी पकडली गेल्यासारख्या दिसत होत्या.

मी त्यांना गाडीत बसवलं. मी गाडी सुरू केली, पण त्या म्हणाल्या, थांब, मायाला फोन लाव. माया त्यांची एकुलती एक मुलगी, एडिंबराला असते. दोघींचं बोलणं वाढदिवसापुरतं. का, ते मला माहीत नव्हतं. फोन गाडीच्या स्पीकरवर लागला.

"आई? काय झाला?" मायाचं मराठी असंच मोडकं आहे.

"काही नाही. तू पंधरा वर्षांची असताना तुझ्या टीचरने सांगितलं होतं, हिला पुढचं गणित झेपणार नाही. आठवतं?"

"हो."

"मी तुझ्या वह्या उघडून बघितल्या नाहीत. त्यांचं ऐकलं आणि घरी येऊन तुलाच बोलले. वर्षभर बोलत राहिले."

"मला वाटलं मी खरंच ढ होतो, आई."

"नव्हतीस," ताई म्हणाल्या. आणि रडू लागल्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"फोन ठेवू नको," माया म्हणाली. "मी इथेच आहे."

मी हीटर चालू ठेवला आणि हळूच दार उघडून खाली उतरले.