रंग वाचायला येता काय?

माणूस कशावर विश्वास ठेवतो, त्यावर त्याची उंची ठरते, असं थोर लोक सांगतात. आमचे शेजारी इसाकभाई वायरीवर विश्वास ठेवतात. त्यांची उंची पाच फूट दोन इंच आहे.

श्रीवर्धनात आमच्या वाडीला लागून त्यांची वाडी. तीस वर्षं ते आखातात होते. मोठमोठ्या कचेऱ्यांच्या छतांतून इंटरनेटच्या वायरी ओढायचे. कायमचे परत आले तेव्हा लोक अत्तर, ब्लँकेटं अशा कशाकशाची आशा धरून होते. इसाकभाईंनी आणलं काय, तर वायरीची दोन भेंडोळी, प्लगांनी भरलेला खजुराचा डबा आणि प्लग दाबायची पक्कड. तेव्हापासून ते घरी केबल बनवतात. स्वतःसाठी बनवून झाल्या, मग आळीसाठी. भाचीच्या लग्नात त्यांनी चमकीच्या कागदात गुंडाळून दहा मीटर केबल आहेर केली. नवरदेवाला आधी तो दोर वाटला आणि तो जरा गंभीर झाला.

आळीला गरज नव्हती असं नाही. आमच्याकडची घरं चिऱ्याची, भिंती हातभर जाड. ओटीवरचं वायफाय माजघराच्या उंबऱ्यापर्यंत येतं आणि पाहुण्यासारखं तिथूनच परत जातं. पण केबल बाजारात तयारही मिळते, हे इसाकभाईंसमोर बोलायची सोय नाही.

"तयार केबल मीटरवर मिळते," ते म्हणतात. "तुमचं घर काय मीटरवर बांधलंय?"

माझ्या मुलाने नवी मुंबईहून मागच्या खोलीसाठी चांगली पंधरा मीटरची केबल पाठवली. इसाकभाईंनी ती हातात घेऊन, माशाचे कल्ले बघावेत तशी तिची दोन्ही टोकं बघितली. मग पक्कड काढली, टोकं छाटली आणि नव्याने बसवली. केबल आधी चालत होती, नंतरही चाललीच.

"आता बगा," ते म्हणाले. मी बघितलं. फरक दिसला नाही, पण तसं सांगितलं नाही.

वायफायबद्दल त्यांचं एकच वाक्य आहे: "हवेतून येतं ते हवेत जातं." पुरावा म्हणून ते काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळाचा दाखला देतात. त्या वादळात आमच्या अर्ध्या पोफळी आडव्या झाल्या आणि आठवडेच्या आठवडे कुणाचा फोन लागेना. मी म्हटलं, इसाकभाई, तेव्हा वायरीही गेल्या होत्या. "व्हय," ते म्हणाले, "पण वायर कुठं पडलीय ते दिसत तरी होतं."

मी अलिबागच्या कोर्टात कारकून होतो. इसाकभाई मला वकीलसाहेब म्हणतात. दोनतीनदा दुरुस्ती सुचवली. "कोर्टातच होतात ना?" असं विचारून त्यांनी विषय मिटवला. उलटतपासणीत हा माणूस कुणालाही भारी पडला असता.

आता केबलचं थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वायरीच्या पोटात आठ बारीक तारा असतात, आठ रंगांच्या. त्या सरळ करून ठरलेल्या क्रमाने शेजारीशेजारी धरायच्या, प्लगमध्ये सारायच्या आणि पक्कडीने दाबायच्या. मग दोन्ही टोकं टेस्टर नावाच्या डबीला जोडायची. डबीवरचे दिवे एक ते आठ ओळीने लागले तर केबल पास. एखादी तार दुसरीच्या जागी बसली असेल तर दिवे उड्या मारतात.

जुलेखाभाभी होत्या तोवर रंग वाचायचं काम त्यांचं. पडवीत समोरासमोर बसून, तांदूळ निवडता निवडता त्या म्हणायच्या, "पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, आणि तुमचा चहा गार झाला." इसाकभाई आखातात असताना दोघांच्या गप्पा व्हायच्या त्या महिन्यातून एकदा, खरखरणाऱ्या फोनवर. राहिलेलं बोलणं बहुतेक पडवीत पुरं होत असावं.

दोन वर्षांपूर्वी भाभी गेल्या. महिन्याभरात इसाकभाईंच्या डोळ्यांतले रंग गेले.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनने गेले, असं ते सांगतात. माझ्या बायकोचंही तेच ऑपरेशन झालं. तिला उलट इतके रंग दिसू लागले की माझे चार शर्ट एका दिवसात बाद झाले. पण माणसामाणसात फरक असतो, असं म्हणून मी ती नोंद बाजूला ठेवली.

तेव्हापासून रोज असरची, म्हणजे पाचच्या सुमाराची, नमाज झाली की कुंपणापलीकडून हाक येते: "वकीलसाहेब, रंग वाचायला येता काय?" मी जातो. माझ्यासमोर आठ तारा धरल्या जातात, मी रंग वाचतो, ते लावतात. मग चहा. समुद्राच्या खाऱ्या हवेत प्लगच्या पितळी दातांवर हिरवा थर चढतो, असं त्यांचं निदान आहे, त्यामुळे आळीतल्या चांगल्या चाललेल्या केबलींचीही टोकं सहा महिन्यांनी नवी करावी लागतात. काम संपण्याची भीती नव्हती.

एकदा चहा पिता पिता त्यांनी पोफळीच्या शेंड्याकडे बघितलं. "डाव्या घडातल्या तीन सुपाऱ्या नारिंगी झाल्यात बगा. बाकी अजून हिरव्या हायत." पोफळ चाळीस फूट उंच होती. कोर्टात असतो तर हा जबाब मी लिहून घेतला असता. मी चहा संपवला.

मग गेल्या महिन्यात त्यांची मुलगी शबाना पनवेलहून आली. हुशार मुलगी, तिथे कंपनीत आहे. येताना तीन पांढरे डबे घेऊन आली: एक ओटीवर, एक माजघरात, एक मागच्या पडवीत. डबे एकमेकांशी बोलतात आणि चिऱ्याच्या भिंतीला वळसा घालून नेट पोचवतात.

"अब्बा, आता तो खजुराचा डबा माळ्यावर टाका," ती म्हणाली. "वायरबियर काय लागत न्हाय. डोळ्यांना उगाच त्रास. वकीलकाका, पुढच्या वेळी तुमच्याकडेपन लावून देते. आणि आळीत सगळ्यांना सांगते."

"हवेतून येतं..." इसाकभाईंनी सुरुवात केली. तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. चित्र झकास दिसत होतं. वाक्य अर्ध्यावरच राहिलं. इतक्या वर्षांत ते अर्धं राहिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

शबाना परत गेली. दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कुंपणावरून दिसायचं, इसाकभाई पडवीत बसलेत, मांडीवर डबा, झाकण बंद. समोरच्या पाटावर कुणी नाही. चौथ्या दिवशी बायको मला म्हणाली, "तुम्ही पाच वाजल्यापासून घरात येरझारा घालताय. तिकडे तरी जा."

"कशाला जाऊ? काम काय?"

 बायको भाजी चिरायला निघाली आणि जाताना कात्री माझ्या हाताशी ठेवून गेली. भाजीला कात्री लागत नाही.

मी कुंपणाशी जाऊन हाक मारली, "इसाकभाई, मागच्या खोलीचं नेट गेलं. वायर उंदराने तोडली बहुतेक."

ते डबा घेऊनच आले. तुटकं टोक त्यांनी उजेडात धरून बराच वेळ पाहिलं.

"उंदराचा हात सरळ हाय," ते म्हणाले.

"शिकलेला असेल."

"व्हय. कोर्टातला असेल."

मग आमच्याच ओटीवर समोरासमोर बसलो. त्यांनी वरचं आवरण सोललं, आठ तारा बोटांनी सरळ केल्या. "वाचा, वकीलसाहेब. मला काय दिसत न्हाय."

मी वाचू लागलो. बायकोने आतून विचारलं, इसाकभाई जेवूनच जाणार ना, मांदेली आणलीत. ते हो म्हणाले. माझं लक्ष तिकडे गेलं आणि मी हिरव्याच्या जागी तपकिरी वाचला, तपकिरीच्या जागी हिरवा. सांगायला तोंड उघडलं, तोवर पक्कड दाबली गेली होती.

इसाकभाईंनी टेस्टर लावला. आठही दिवे ओळीने लागले.

मी वाचलं त्याप्रमाणे सहावा आणि आठवा उलटे लागायला हवे होते.