पार्श्वभूमी जुळत नाही

आंबेनळी घाटाखालच्या वाड्यांतल्या लोकांना दरडीची सूचना घरबसल्या देता यावी, म्हणून पोलादपुरात एक कक्ष उघडला गेला. त्याच्या वेबसाइटचं काम महाडच्या शर्मिलाला मिळालं. तिने जावामध्ये साइट लिहिली आणि लॉगिन तयार मिळतं तेच बसवलं. नाव आणि पासवर्ड, बस्स.

कक्षप्रमुख सुनीलराव नाराज झाले. "हे तर कुणालाही जमेल."

"कुणालाही सूचना देता यावी म्हणूनच ना, सर?"

"मग खोट्या दरडी कोण अडवणार? कक्षाला शोभेल असं लॉगिन करा."

शर्मिलाने तयार लॉगिन काढून स्वतःचं लिहिलं. त्यात ओटीपी आला. पण ओटीपी दुसऱ्यालाही सांगता येतो, असं सुनीलरावांच्या लक्षात आलं. म्हणून मग फोटोची अट आली. नागरिकाने अंगणात उभं राहून फोटो काढायचा आणि मागचा डोंगर नोंदणीच्या फोटोशी जुळला तरच दार उघडायचं.

"सर, डोंगर हलला तर?"

"डोंगर कधी हलतो का?" दरड कक्षाचे प्रमुख म्हणाले.

श्रावणात एका सकाळी घाटाखालच्या एका वाडीत ठमाबाईला गोठ्यामागे भेग दिसली. तिने सुनेला हाक मारली. "सारिके, डोंगर फाटलाय गो! कळव हापिसात."

सारिकाने साइट उघडली. नोंदणी ठमाबाईच्या मुलाच्या, चांगूच्या नंबरवर होती, म्हणून ओटीपी मुंबईत त्याच्या मोबाइलवर गेला. त्याने काम सोडून तो फोनवर सांगितला. सारिका अंगणात उभी राहिली आणि फोटो काढला. पडद्यावर अक्षरं उमटली : 'पार्श्वभूमी जुळत नाही.'

"आई, डोंगर जागेवर नाय म्हंतोय."

"मग मी काय सांगतेय!"

सारिकाने कक्षाला फोन लावला. "फोनवर सूचना घेत नाही," सुनीलराव सौजन्याने म्हणाले. "लॉगिन करून या."

ठमाबाईने मोबाइलचा नाद सोडला. दारोदार ओरडत तिने माणसं, गुरं, सगळी वाडी खालच्या शाळेत आणली. दुपारी डोंगर उतरला. माणूस एकही गेलं नाही, पण ठमाबाईचं घर गेलं, गोठा गेला, दारचा फणस गेला. ती शाळेच्या पायरीवर म्हशीचं दावं धरून बसली.

दुसऱ्या दिवशी सारिका कक्षात गेली.

"दरडीची नोंदच नाही," सुनीलराव म्हणाले. "अंगणातून लॉगिन करा."

"अंगण गेलं, साहेब."

"मग पत्ता बदलल्याचा अर्ज करा. त्यासाठीही लॉगिन लागेल."

साइटच्या कामासाठी कक्षात आलेल्या शर्मिलाने तिथल्या तिथे फोटोची अट काढायची परवानगी मागितली. मिळाली नाही. त्या पावसाळ्यात एकही खोटी दरड आत आली नव्हती, आणि खरीही नाही. अशा निर्दोष कामाबद्दल सुनीलरावांचा सत्कार झाला.

गोष्ट ऐकल्यावर शहाणी माणसं एकच विचारतात, सारिकाने फोटो नीट काढला होता ना? तुम्हीही तेच विचारणार होतात.