करमरकर सरांचा कोरिया

करमरकर सर कुणालाही काहीही एका हाताने देत नाहीत. चहाचा कप असो, घराची किल्ली असो की त्यांच्या मेलबॉक्समध्ये चुकून पडलेलं आमचं पत्र, दोन्ही हात पुढे येतात आणि मान किंचित झुकते. कोरियात मोठ्यांना असंच देतात म्हणे. एकदा हायवेवर पोलिसाने त्यांची गाडी थांबवली, तीही फार हळू चालवतात म्हणून. सरांनी लायसन्स दोन्ही हातांनी, मान झुकवून पुढे केलं. पोलिसाने आधी लायसन्सकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि काय वाटलं कोण जाणे, नुसती ताकीद देऊन सोडून दिलं. ही हकीगत सांगून झाली की सर म्हणतात, "बघा, संस्कृती कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही."

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत आमचं घर त्यांच्या घराला लागून आहे. आमच्या मराठी मंडळातली यच्चयावत माणसं कॉम्प्युटरवर पोट भरतात. सर तेवढे निराळे. ते मूळचे सांगलीचे, इतिहास शिकायला इथे आले आणि हायस्कूलमध्ये सोशल स्टडीज शिकवायला राहिले. मंडळात नवा आलेला माणूस त्यांना हमखास विचारतो, "पण मग कंपनी कुठली?" सर शांतपणे सांगतात, "दहावीचा वर्ग."

या वर्गाला सर जगाचा इतिहास शिकवतात आणि त्यातले तीन आठवडे फक्त कोरिया. पुस्तकात कोरिया दीड पान आहे. त्यातलं अर्धं पान रणगाड्याच्या फोटोने खाल्लंय. सरांना त्या फोटोचा मनस्वी राग. "हजारो वर्षांचा देश हो, आणि यांच्या पुस्तकात तो फक्त दुसऱ्यांनी येऊन लढायची जागा!" असं म्हणताना त्यांचा आवाज चढतो.

वर्गाबाहेरही कोरिया त्यांना सोडत नाही. बोलणं कुठलंही चालू दे, सर हात वर करतात, "थांबा, इथे कोरिया येतो." गणपतीत मोदक वळायला आम्ही सगळे जमलो होतो. सर म्हणाले, "थांबा, इथे कोरिया येतो. त्यांच्याकडेही तांदळाची पिठी, आत तिळाचं गोड सारण, आणि वाफवतात पाइनच्या पानांवर. तेही साधारण भाद्रपदातल्या पौर्णिमेला!" पुण्याहून मुलाकडे आलेल्या एक मावशी उकडीशी झुंजत होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांच्या कळ्या फुटत नाहीत का ते सांगा. नसेल ठाऊक तर तूप आणा."

एक सवय मात्र त्यांच्या अंगाशी आली. नवा माणूस भेटला की ते आधी वय विचारतात. कोरियात बोलताना मान किती द्यायचा ते वयावर ठरतं. आपल्याला अरे म्हणायचं की अहो हे ठरवावं लागतं, तसंच. सरांनी शाळेच्या नव्या प्रिन्सिपल बाईंना पहिल्याच भेटीत वय विचारलं. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', म्हणजे उत्तर मिळून उपयोगही नव्हता. बाईंनी उत्तर दिलं नाही. त्यावरून मीटिंग मात्र तीन झाल्या.

माझी मुलगी ईशा यंदा त्यांच्या वर्गात होती. एके दिवशी घरी येऊन म्हणाली, "बाबा, डिड यू नो? आपलं क ख ग घशापासून सुरू होऊन लिप्सपर्यंत येतं. कोरियाच्या किंगने लेटर्स केली ना, ही ऑल्सो लुक्ड अ‍ॅट द माउथ." मी लहानपणापासून बाराखडी घोकलेला माणूस, आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी गुपचूप बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर क, च, ट, त, प म्हणून पाहिलं.

आता लिंडावहिनींबद्दल सांगायला हवं. लिंडावहिनी म्हणजे सरांच्या पत्नी, शाळेच्याच लायब्ररीत काम करतात. जन्म कोरियातला, पण दोन वर्षांच्या असताना मिनेसोटातल्याच ड्युलूथच्या एका जोडप्याने त्यांना दत्तक घेतलं. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून त्या मासे पकडतात आणि पोहे माझ्या बायकोपेक्षा चांगले करतात. मंडळातल्या मुली कोरियन गाण्यांबद्दल विचारायला गेल्या की त्या हसून सांगतात, "हनी, आय'म फ्रॉम ड्युलूथ." आणि उठून दुसरीकडे जातात. मला वाटायचं, नवऱ्याच्या अखंड कोरियापुराणाला बाई कंटाळली असणार.

फेब्रुवारीत शाळेने सांगितलं की पुढच्या वर्षीपासून कोरियाला तीन आठवड्यांऐवजी दोन दिवस. अंतिम निर्णयाआधी तिघांची समिती एक तास बघायला येणार होती. सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं. ईशा त्यांना म्हणाली, "सर, म्युझिकवालं लेसन करा. दे'ल लव्ह इट." सर म्हणाले, "नाही. एकच तास बघणार असतील तर परदेशी गेलेल्या मुलांचा."

नकाशे लावायला मदत म्हणून मी ऑफिसला अर्धी दांडी मारून गेलो आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. कॉरिडॉरमध्ये गोंगाट होता. समितीतल्या एक बाई दार लावायला उठल्या. सर घाईने म्हणाले, "प्लीज, लीव्ह इट ओपन."

मग त्यांनी शिकवायला सुरुवात केली. युद्धानंतर आणि पुढेही कित्येक वर्षं कोरियातून दत्तक म्हणून विमानाने परदेशी पाठवलेली मुलं हा विषय. कुणाच्या कागदावर नावाऐवजी नंबर, कुणाची जन्मतारीख अंदाजाने टाकलेली. यातली कितीतरी इथेच, मिनेसोटात वाढली. सर एरवी वर्गभर फिरतात, हातवारे करतात. त्या दिवशी फळ्याजवळ उभे राहून ते सावकाश आणि जरा मोठ्याने बोलत होते. मी सहज मागे पाहिलं. दाराबाहेर पुस्तकांची ढकलगाडी धरून लिंडावहिनी उभ्या होत्या. गाडीवरची पुस्तकं त्या नीट लावत होत्या, पुन्हा काढत होत्या, पुन्हा लावत होत्या. सरांनी एकदाही दाराकडे पाहिलं नाही. तास संपायच्या आधी गाडी पुढे गेली.

पार्किंग लॉटमध्ये मी विचारलं, "वहिनी रोज येतात?"

सर गाडीचं दार उघडता उघडता थांबले. "दरवर्षी. तीन आठवडे. काही ना काही कारण काढून त्या कॉरिडॉरमधून जाते. घरी कुणी तिच्या जन्माचा विषय काढला की ती उठून जाते. लग्न झालं तेव्हा एकदा म्हणाली होती, अवि, प्लीज डोन्ट. मी परत कधी काढला नाही. इथे मी मुलांना शिकवतो, तिला नाही. म्हणून तिला ऐकता येतं. नको वाटलं तर गाडी ढकलून पुढे जाता येतं."

मंडळात त्यांच्यावर केलेले सगळे विनोद मला आठवले आणि मला माझी लाज वाटली.

मे महिन्यात निर्णय आला. तास उत्तम होता, पण कोरिया दोनच दिवस. आमच्या घरी येऊन सरांनी ते सांगितलं आणि चहा न घेता गेले. त्यांना कसलं दुःख झालंय हे मला आता कळत होतं.

त्या शनिवारी सकाळी मी त्यांच्या गॅरेजमध्ये वर्गातली पोस्टर्स खोक्यांत भरू लागत होतो. सर प्रत्येक नकाशा गुंडाळून रबर लावत होते. घरातून लिंडावहिनी आल्या. मला वाटलं, कॉफी विचारायला आल्या असतील. त्यांनी खोक्यातला एक नकाशा उचलला, रबर काढलं आणि तो जमिनीवर पसरला. एक कोपरा सारखा वर येत होता, त्यावर त्यांनी पाय ठेवला.

"अवि," त्या नकाशाकडेच बघत म्हणाल्या, "व्हेअर वॉज आय?"

सरांना वहिनींच्या जन्माचं गाव ठाऊक होतं. दत्तकविधानाच्या कागदावरून त्यांनी ते केव्हाच शोधून ठेवलं असणार. सर खाली बसले, चष्मा काढला, शर्टाला पुसला. एरवी कोरियाचं नाव निघायचा अवकाश, बोलत सुटणारा हा माणूस आता तीच काच पुन्हा पुन्हा पुसत होता. शेवटी त्यांनी दक्षिणेच्या किनाऱ्याजवळ एका बारीक ठिपक्यावर बोट ठेवलं आणि गावाचं नाव सांगितलं.

वहिनी त्यांच्या शेजारी फरशीवर बसल्या. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा चुकीचं. सरांनी दुरुस्त केलं नाही.