रहमाचं सुतक

गेलेली बाई कोण, हे बायकोला विचारायचं नाही, एवढं एकच बुश्ताने त्या दुपारी ठरवलं आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

मेकनेस शहराच्या नगरपालिकेत एकतीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवलेला हा माणूस. गावाच्या पिढ्या त्याला तोंडपाठ, पण बायकोच्या माहेरची माणसं काही लक्षात राहत नसत. गेल्या ईदेला त्याने तिच्या सख्ख्या मावशीला ‘आपण कोण?’ असं विचारलं होतं. (पुढे पंधरा दिवस त्याच्या चहात पुदिना पडला नाही.)

त्याची बायको तामू पन्नाशीत लिहावाचायला शिकली आणि आता बायकांच्या साहित्याच्या तासाला जाऊ लागली होती. मास्तरीणबाईंनी एक कादंबरी दिली होती. वाचून काय वाटलं, ते पानभर लिहून आणायचं. पाच दिवस वही कोरीच होती. “उद्यापर्यंत जमलं नाही तर वर्ग सोडते,” असं ती सकाळीच म्हणाली होती.

दुपारी तो पाव घेऊन आला, तर ती ओट्यापाशी डोळे पुसत उभी.

“रहमा गेली हो,” ती म्हणाली. “पाणी द्यायलासुद्धा जवळ कुणी नव्हतं.”

(रहमा? फेझची मामी? की ती चुलतबहीण?)

“फार चांगली बाई होती,” बुश्ता गंभीरपणे म्हणाला.

तामूने चमकून पाहिलं. नवऱ्याने गुपचूप आपलं पुस्तक वाचलं, असं वाटून तिला आणखीच भरून आलं.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. बुश्ताने शेजारच्या बतूलला सांगितलं आणि बतूलने गल्लीला. तिसऱ्या प्रहरच्या अस्रच्या नमाजानंतर अकरा बायका दारात हजर. हातात सांज्यासारख्या कुसकुसची ताटं आणि सांत्वनाला नेतात ते निळ्या कागदातले साखरेचे शंकू.

“रहमा तुझी कोण गं?” तामूला कुशीत घेत बतूलने विचारलं.

तामूने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा साखरेकडे पाहत होता.

“पुस्तकातली,” ती म्हणाली.

“म्हणजे कुणी मेलंच नाही?”

“मेली ना.” आणि तामू सांगू लागली. रहमाला अक्षर येत नव्हतं. परदेशी गेलेल्या लेकाची पत्रं तिने उशीखाली जपून ठेवली. वाचून कुणाकडून घ्यायची, या लाजेने ती तशीच राहिली. “शेवटच्या पत्रात त्याने तिला बोलावलं होतं. मीही परवापरवापर्यंत तशीच होते, बतूल.”

बायका मनापासून रडल्या. “हेच लिही की वहीत,” नाक पुसत बतूल म्हणाली. साखर मात्र कुणी परत नेली नाही, दिलेली परत नेत नसतात. तामूने तिथेच बसून दीड पान लिहिलं. बुश्ताला तिचा इतका अभिमान वाटला, की आपण केलेला घोटाळाही त्याला थोडा थोर वाटू लागला.

पुढच्या आठवड्यात नवी कादंबरी आली.

“यात कोण जातं?” त्याने आधीच विचारून घेतलं.

“नवरा. बाई म्हणाल्या, चाळिसाव्या पानावर. कचेरीतला कारकून असतो.”

बुश्ता धुतलेला रुमाल घेऊन दुपारभर तिच्यासमोर बसून राहिला. चाळिसावं पान आलं. तामूने ते सावकाश वाचलं, बोटाला थुंकी लावली आणि पान उलटलं.

“मग?” त्याने हळूच विचारलं.

“मग काय,” ती मान वर न करता म्हणाली, “आता कुठे गोष्ट रंगायला लागलीय.”