पारसला सल्ला हवा होता

अर्धी दाढी झालेली, उजव्या गालावर साबण तसाच, आणि न्हाव्याचा वस्तरा हवेत. अशा अवस्थेत मान वळवून "तुम्ही माझ्या जागी असता तर नोकरी धरली असती की कारखाना काढला असता?" असं विचारणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे पारस.

न्हावी म्हणाला, "भाऊ, तुमच्या जागी मी असतो तर आधी मान हलवली नसती."

पारस माझा शाळेतला मित्र. जळगावच्या दाणाबाजारात त्याच्या वडिलांचं, म्हणजे बाबूजींचं, धान्याचं दुकान. सत्तर सालाच्या आसपास तो बाहेरगावी जाऊन व्यवस्थापनाची पदवी घेऊन आला. मॅनेजर व्हायचं शिकून आलाय म्हटल्यावर आमच्या गल्लीला वाटलं, आता हा टॉकीजवर बसणार. दोघातिघांनी पहिल्या खेळाच्या पासांबद्दल हळूच विचारूनही ठेवलं.

पण त्याला मुंबईच्या एका सल्लागार कंपनीनं बोलावलं होतं. इतर कंपन्यांनी धंदा कसा करावा हे त्यांना सांगायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. बाबूजींना हे काही केल्या पटेना. "सल्ल्याचे पैसे? आपल्या बाजारात फुकट देतात, तरी कोणी घेत नाही!"

दुसरीकडे पारसच्या डोक्यात कारखाना होता. गावात एवढ्या डाळमिली, पण डाळ चाळायच्या लोखंडी जाळ्या यायच्या बाहेरून. एक फाटली की नवी येईपर्यंत मिलवाले कपाळाला हात लावून बसायचे. त्या जाळ्या इथेच करायच्या, असा त्याचा बेत.

कंपनीनं शनिवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. तो शनिवार जवळ येऊ लागला तशी पारसची झोप उडाली. नखं संपली, तेव्हा तो सदऱ्याची कॉलर चावू लागला. पानवाला, पोस्टमन, बाबूजींचे मुनीम, गावातले सगळे डॉक्टर, कोणालाही त्यानं सोडलं नाही. डॉक्टरांनी त्याला पोट साफ व्हायचं औषध दिलं. माझी आई पिंपळनेरकडची. तिला त्यानं चुलीपाशी बसून दोन्ही बाजू नीट समजावून सांगितल्या. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "पोऱ्या, बठ्ठंच चांगलं शे. पहिले जेवी ले." म्हणजे, सगळंच चांगलं आहे, आधी जेवून घे.

त्याच आठवड्यात धुळ्याला एक जुनं प्रेस मशीन विकायला आहे असं कळलं. पत्र्याला भोकं पाडायचं. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो; मला रजा काढायला लावून पारसनं एस.टी.त बसवलं. एरंडोल येईपर्यंत तो कंडक्टरशी बोलत होता, पारोळ्यानंतर शेजारच्या बाईंशी. त्या बाई घाबरून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

मशीनचे मालक एक वयस्कर आबा. शेडला गंज चढलेला, मशीन मात्र तेल पाजून लखलखीत ठेवलेलं. पारसनं त्यावरून हात फिरवला. मग घसा साफ करून विचारलं, "आबा, तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मी तुझ्याच जागी होतो रे," आबा म्हणाले. "म्हणून तर विकतोय."

परतीच्या प्रवासात पारसनं कंडक्टरलाही काही विचारलं नाही; तिकिटाच्या मागे पेन्सिलीनं जाळीची भोकं काढत बसला.

शनिवारी सकाळी त्यानं पोस्टात मुंबईचा ट्रंककॉल लावला. आम्ही बाकावर बसून राहिलो. फोन वाजला की पारस उठायचा, दुसऱ्याचाच निघायचा, पुन्हा बसायचा. "हो म्हणू ना रे?" असं विचारायचा आणि मी तोंड उघडायच्या आत "नको, बोलू नकोस" म्हणायचा. दुपार टळल्यावर नंबर लागला. त्यानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"नमस्कार साहेब. पारस बोलतोय, जळगावहून. साहेब, तुम्ही माझ्या जागी असता तर?"

पोस्टातली सगळी माणसं वळून बघू लागली. पारस ऐकत होता. "हो साहेब... खरंय साहेब..." शेवटी इतक्या हळू "नाही येत साहेब" म्हणाला, की तारबाबूंनीच ओरडून सांगितलं, "मोठ्यानं बोला, ऐकू जात नाही!" तेव्हा तो सगळ्या पोस्टाला ऐकू जाईल असं ओरडला, "नाही येत!"

बाहेर आल्यावर तो पोस्टाच्या पायरीवर बसला. "साहेब म्हणाले, ज्याला यायचं असतं तो सामान बांधतो, फोन करून विचारत बसत नाही," तो म्हणाला. "मी अजून ट्रंकसुद्धा उघडली नाहीये रे."

आबांचं मशीन जळगावला आलं. पहिल्या जाळीतून डाळीबरोबर खडेही पडले. मिलवाल्यानं ती बाबूजींच्या गादीवर आणून आपटली. दुसऱ्या दिवशी टोपी घालून बाबूजी स्वतः त्या मिलवाल्याकडे गेले आणि पोराला अजून एक संधी द्या म्हणाले. पुढची जाळी बरी झाली, त्यानंतरची चांगली. वर्ष-दीड वर्षात पाचोऱ्याहूनही मागणी येऊ लागली.

पारसचं आमच्याकडे येणं मात्र थांबलं. मला वाटलं, धंद्यात गुंतला असेल.

एका रविवारी संध्याकाळी तो दारात उभा दिसला. मी विचारलं, "काय रे, आता काय ठरवायचंय?"

"काहीच नाही," तो ओशाळून म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे."

मला कळेना. तो उंबऱ्यापाशी चपलेशी चाळा करत म्हणाला, "मी शेवटची परीक्षा देऊन आलो तेव्हा माझी आई जाऊन महिना झाला होता. घरी बाबूजी आणि मी. ते जेवतात, मी जेवतो. बोलायला कोणी नाही. पण सल्ला मागितला ना, की लोक खुर्ची देतात, चहा सांगतात, तासभर बोलतात. आता मी मालक झालो. कारखान्यात सगळे मलाच विचारतात आणि उत्तर मिळालं की निघून जातात."

मी काही बोलणार तेवढ्यात आतून आईनं हाक मारली, "कोण शे रे?"

"पारस आलाय. सहज आलाय."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं त्याला दंडाला धरून आत नेलं, कोपऱ्यातला पाट ओढून चुलीजवळ मांडला आणि त्याला त्यावर बसवलं.