मर्ल हॉस्टेटलर मोकळा होतो

शनिवारी दुपारी तीन वाजता मर्ल हॉस्टेटलरने गॅरेजचा दरवाजा आतून लावून घेतला आणि आपल्या वडिलांना ठार मारायला सुरुवात केली. वडील म्हणजे एक उशी होती.

ही युक्ती एका आत्मशोधाच्या शिबिरातली. १९७४ साल होतं आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत ज्याला त्याला स्वतःचा शोध लागत होता. मर्लची बायको ग्लेंडा एका मोटेलच्या हॉलमध्ये दोन दिवस बसून आली आणि बावीस वर्षं आपण नुसता स्वयंपाक करत होतो, असं तिच्या लक्षात आलं. तिनं तो बंद केला, मातीची भांडी घडवायला घेतली आणि यापुढे काहीही झालं तरी खरंच बोलायचं ठरवलं.

"तूही जाऊन ये," ती मर्लला म्हणाली. "तुझ्या आत काहीतरी कुजतंय. मला वास येतो."

मर्ल बेदाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर होता. आपल्या आत काही आहे असंच त्याला कधी वाटलं नव्हतं. पण गार जेवणाचा सहावा आठवडा चालू होता, म्हणून गेला. तिथल्या दाढीवाल्या गुरुजींनी विचारलं, "राग कुणाचा येतो तुला?" कुणाचाच नाही, असं मर्लनं सांगितल्यावर चाळीस माणसं त्याच्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याला वडिलांचा राग यायला लागला होता. घरी रोज पंधरा मिनिटं उशी बडवून ओरडायचं, असं गुरुजींनी लावून दिलं.

वडील, ऑर्विल, एकोणऐंशी वर्षांचे. नऊ वर्षं ते गॅरेजला लागून असलेल्या खोलीत राहत होते. दुपारी कानातलं यंत्र काढून झोपायचे, त्यामुळे मर्ल निर्धास्त होता. त्यानं बॅट उचलली.

"तू माझं वाटोळं केलंस, म्हाताऱ्या! आई गेली तेव्हा मला वेळेवर कळवलंसुद्धा नाहीस! मेलास तरी मी रडणार नाही!"

कुंपणापलीकडे शेजारच्या मिसेस पेट्राकिस गुलाब छाटत होत्या. त्यांनी धपाधप आवाज ऐकले, मग एकदम शांतता ऐकली, आणि कात्री हातात तशीच ठेवून घरात जाऊन पोलिसांना फोन केला.

दोन पोलीस आले तेव्हा मर्ल घामानं निथळत होता. हातात बॅट, केसांत पिसं.

"वडील कुठे आहेत तुमचे?" थोरल्या पोलिसानं विचारलं.

"झोपलेत."

खोलीत पलंग रिकामा होता. चादर नीट घडी करून ठेवलेली. यंत्र नव्हतं, टोपी नव्हती, ऑर्विल नव्हते.

धाकटा पोलीस मागच्या अंगणात जाऊन आला. "साहेब, इथे काँक्रीट ओतलंय. ओलं आहे अजून."

"ते टबसाठी आहे," मर्ल घाईघाईनं म्हणाला. "लाकडी टब. शेजारीपाजारी बोलावून गरम पाण्यात बसायचं आणि मनातलं बोलायचं. बायकोची हौस आहे."

थोरल्या पोलिसानं हे वहीत उतरवून घेतलं नाही.

तेवढ्यात ग्लेंडा कुंभारकामाच्या वर्गावरून आली. तिचे हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले होते. धाकटा पोलीस त्या हातांकडे बघतच राहिला.

"बाई, तुमच्या यजमानांचा वडिलांवर राग होता का?"

"ग्लेंडा," मर्ल हळूच म्हणाला.

पण ग्लेंडा आता खोटं बोलत नव्हती. "खूप. शिबिरात तर यानं त्यांना तीनदा मारलं."

"मारलं?"

"मनातल्या मनात. तिसऱ्यांदा जमलं नीट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

मर्लला चौकीवर नेलं. रविवारी सकाळी चार माणसांनी अंगणातलं काँक्रीट फोडलं. खाली माती निघाली, तिच्याखाली आणखी माती. कुंपणाशी अर्धा मोहल्ला उभा होता. मिसेस पेट्राकिस सगळ्यांना सांगत होत्या, "माणूस तसा शांत हो. कधी आवाज चढवलेला ऐकला नाही." ग्लेंडानं चौकीवर निरोप धाडला, की तू गुन्हा केला असशील तरी मी तुला समजून घेईन. मर्लला तेवढ्यानं बरं वाटलं नाही.

दुपारी चौकीवर फोन आला. दोन तासांवरच्या बेकर्सफील्डच्या बस स्थानकावर एक म्हातारा काल संध्याकाळपासून बाकावर बसलेला सापडला होता. नाव विचारलं तर सांगत होता, कुठे चाललात विचारलं तर सांगत नव्हता.

मर्ल थेट चौकीवरून गाडीनं निघाला. ऑर्विल बाकावर ताठ बसले होते, पायाशी बॅग होती. मर्ल शेजारी बसला.

"तुम्ही झोपला होतात ना, बाबा?"

"काल यंत्र काढायचं राहिलं."

बाहेर एक बस मागे घेत होते. ती फलाटाला लागली.

"बाबा, ते खरं नव्हतं. शिबिरात शिकवलं होतं तसं ओरडायला."

ऑर्विलनी मान वळवून मुलाकडे बघितलं. "म्हणजे तेही तुझं नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलं होतं, पन्नाशीला का होईना, पोरगा स्वतःचं काहीतरी बोलला. म्हटलं, आता याला आपली अडचण नको. म्हणून निघालो." मग त्यांनी विचारलं, "आईचंही शिकवलेलंच का?"

मर्लनं बोटांची नखं बघितली. सत्तावीस वर्षांपूर्वी तो सैन्यात असताना आई गेली होती. दफन होऊन अकरा दिवस झाल्यावर त्याला पत्र मिळालं होतं.

"नाही," तो म्हणाला. "आईचं माझं होतं."

"मग ते बोल."

मर्लनं तोंड उघडलं. उशी नव्हती, बॅट नव्हती, टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. पंधरा मिनिटं ओरडायला त्याला येत होतं, पण साध्या आवाजात एक वाक्य काही जुळेना. समोर एक बाई रांगेत उभी राहून तिकीट घेऊन गेली, मग दुसरी.

ऑर्विलनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बॅग उचलून मांडीवर घेतली.

"सावकाश आठव," ते म्हणाले. "माझी बस साडेचारला आहे."